भुरामायची काठी

ही गोष्ट कधीची, ते मला विचारू नका. टेंभुरधऱ्याला तेव्हा रस्ता नव्हता, नदीवर पूल नव्हता, आणि माझ्या आजीची आजी परकर नेसून बोरं वेचत फिरत होती. आता हे किती जुनं झालं, ते ज्याला मोजायचं त्याने मोजावं. मी आपली ऐकली तशी सांगते.

त्या काळी गावची ढोरं रोज सकाळी आखरावर जमायची. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. शाळेचं आवार संपतं आणि चिंच लागते ना, तीच. तिथून गावचा ढोरकी त्यांना रानात चरायला न्यायचा, दिवस मावळताना परत आणायचा, आणि सुगीला घरोघरचे लोक त्याला धान्य द्यायचे. भुराबाईचा नवरा हा गावचा ढोरकी. तो तापाने गेला तेव्हा त्यांची पोरगी पाळण्यात होती. तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी ढोरं आखरावर येऊन उभी राहिली. लोक म्हणाले, आता दुसरा माणूस बघावा लागेल. तेवढ्यात भुराबाई आली. पोरगी पाठीशी बांधलेली, हातात नवऱ्याची काठी. कोणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही, एक हाळी दिली आणि ढोरं तिच्याबरोबर निघाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पुरुषांनी माना हलवल्या. संध्याकाळी एकूण एक ढोर आपापल्या दारात आलं, मग कोणी हसलं नाही. हळूहळू सारं गाव तिला भुरामाय म्हणू लागलं.

तिची हाळी फार मोठी होती. नदीपलीकडच्या गावातल्या गाई ती ऐकून माना वर करायच्या, असं सांगतात. एकदा वाघाने तिच्या कळपातलं वासरू धरलं, तर ती त्याच्यावर अशी काही ओरडली की त्याने वासरू सोडलं, आणि पुढे कित्येक वर्षं तो पाणी प्यायलासुद्धा लांबच्या डोहावर जायचा, असंही सांगतात. वाघाला मी काही विचारायला गेले नाही. पण गावात कोणी हे खोटं म्हणत नाही, तर मी एकटीने कशाला म्हणू.

पोरीचं नाव कौतिका. ती चालायला लागली तशी तिच्याही हातात एक काठी आली. वासरं राखायची ती. आखराला लागूनच बोर्डाची शाळा होती, एका खोलीची, आणि तिथे हरडे मास्तर शिकवायचे. ढोरं जमेपर्यंत कौतिका शाळेच्या खिडकीला लोंबकळून आत बघत राहायची. मास्तरांनी एक दिवस तिला आत घेतलं आणि भुरामायनेही जाऊ दिलं. मग रोज संध्याकाळी गोठ्यात बसून पोरगी दिवसभर शिकलेलं वासरांना म्हणून दाखवायची. भुरामायला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ती हातातलं काम टाकून ऐकत बसायची. नवरा गेल्यापासून तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तिने मनाशी एकच धरलं, की या पोरीच्या हातात पुन्हा काठी जायला नको.

आणि मग बोर्डाजवळचे पैसे संपले. बोर्ड म्हणजे त्या वेळी जिल्ह्याच्या शाळा चालवणारं. त्यांनी ठरवलं, जिथे पोरं नाहीत तिथल्या शाळा बंद करायच्या, मास्तरांना दुसरीकडे पाठवायचं. टेंभुरधऱ्याच्या शाळेत पोरं होती कुठे? पेरणी झाली की शाळा रिकामी. कारण भुरामाय न्यायची फक्त धान्य देणाऱ्यांची गाई-बैलं. गरिबाची शेळी, कोणाची म्हैस, साऱ्या गावची वासरं, ही घरची पोट्टीच राखायची. उभ्या पिकात ढोर शिरलं तर भांडण व्हायचं, ढोर कोंडवाड्यात जायचं, म्हणून आईबाप पोरांना काठी देऊन रानात धाडायचे. हरडे मास्तर पाच-सात पोरांपुढे घसा फोडून शिकवायचे.

मास्तरांनी चावडीवर येऊन सगळं सांगितलं. पोळा झाला की दिपोटी येणार. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. त्याला शाळा अशी दिसली तर तो कुलूप लावून जाणार, आणि दुसरी शाळा नदीपलीकडे, पावसाळाभर तिकडे जायची सोय नाही. लोकांनी ऐकलं आणि पाटलाकडे पाहिलं.

डोमाजी पाटील वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही उगाच त्याच्या नावाने बोटं मोडाल. त्याला जे दिसत होतं ते तो बोलला. म्हणाला, पोरं शाळेत बसली तर ढोरं कोण राखेल, आणि पीक गेलं तर खायचं काय? खुद्द बोर्डाला झेपत नाही ती शाळा आपण कुठवर ओढायची? मास्तर खाली मान घालून उठायला लागले.

भुरामाय चावडीच्या पायरीखाली उभी होती. ती तिथूनच बोलली.

"उद्यापासून गावची सारी ढोरं आखरावर आना. शेळ्या, म्हशी, वासरं, सारी. मी राखीन. वरून दाना मांगत नाई. पन ज्याच्या घरचं पोट्टं शाळेत दिसलं नाई, त्याचं ढोर आखरावरच राहीन."

लोकांना वाटलं, बाई वेडी झाली. शेळी चढते टेकडीवर, म्हैस बसते डोहात, गाय चरते माळावर. एक बाई कुठे कुठे पुरणार? पण फुकट मिळतंय तर कोण सोडतो. दुसऱ्या दिवशी सारं गाव आखरावर लोटलं. भुरामाय शाळेच्या खिडकीपाशी गेली, आत डोकावली, परत आली आणि काठीने एकेक ढोर वेगळं काढू लागली. हे चल. हे चल. हे राहू दे. कोणाचं पोट्टं आत आहे आणि कोणाचं नाही, ते तिला एका नजरेत कळायचं, सारी तिच्यासमोर लहानाची मोठी झालेली.

ती रानात काय करायची, ते नीट कोणी पाहिलेलं नाही. पण टेकडीवर लाकडं तोडणाऱ्याने तिला टेकडीवर शेळ्यांमागे पाहिलं, डोहावर मासे धरणाऱ्याने त्याच वेळी डोहावर पाहिलं, आणि माळावरून जाणाऱ्याने माळावर पाहिलं, असं सांगतात. तिघेही शपथेवर सांगायचे. माझं विचाराल तर, पोरीसाठी बाई किती धावू शकते याचा त्या तिघांना अंदाज नव्हता.

चार दिवस नीट गेले. मग एका सकाळी पाटलाचा धाकटा मुलगा शाळेत नव्हता. पोट दुखतं म्हणून आईच्या पदराआड राहिला होता, आणि आईने लाडाने ठेवून घेतला होता. भुरामायने खिडकीतून पाहिलं आणि पाटलाची खिल्लारी जोडी, गाई, म्हशी, सगळं आखरावर उभं ठेवून ती निघून गेली. उन्हं वर आली, पाटलाची ढोरं हंबरायला लागली, सारं गाव बघायला जमलं. पाटील तणतणत आला. आधी भुरामायच्या नावाने, मग बोर्डाच्या नावाने, मग नशिबाच्या नावाने ओरडून झालं. शेवटी घरी गेला, पोराला काखोटीला मारून आणलं आणि शाळेत नेऊन आदळलं. तेव्हा पोराचं पोट खरंच दुखलं असेल. त्यानंतर गावात कोणाचं पोट दुखलं नाही.

पोळा झाला आणि दिपोटी आला, छपराच्या दमणीत, म्हणजे लहान बैलगाडीत बसून. सकाळची वेळ होती, आखरावर ढोरं निघायच्या बेतात होती. तो बिचारा काही दुष्ट नव्हता. वरून हुकूम होता, पैसे नव्हते, आणि त्या दिवशी त्याला पुढच्या गावचीही शाळा बंद करायची होती. दारातून बघायचं, कुलूप लावायचं, दुपारच्या आत निघायचं, असा त्याचा बेत. गाडीवानाने बैल सोडून चिंचेखाली उभे केले. तेवढ्यात भुरामायने हाळी दिली. गावची ढोरं हलली आणि त्यांच्याबरोबर दिपोटीचे बैलही निघाले. गाडीवान वेसण धरायला धावला, बैलांनी त्याला फरफटत नेलं. साहेब ओरडला, चपराशी ओरडला. बैलांनी मागे वळून पाहिलं नाही.

तिने हाळी मुद्दाम दिली का? काही म्हणतात हो, काही म्हणतात ती रोज त्याच वेळी द्यायची. बैलांना काय ते माहीत असेल.

आता बैलांशिवाय साहेब जाणार कुठे? बसला शाळेतच, दिवसभर. पाहतो तर खोली गच्च भरलेली, दाराबाहेरसुद्धा पोरं मांडी घालून बसलेली. त्याने वाचायला लावलं, त्यांनी वाचलं. काही अडखळली, काही चुकली, पाटलाचा मुलगा तर फारच चुकला. कौतिकाने अख्खा धडा न थांबता म्हटला, कारण वासरांपुढे तिचा सराव झालेला. दुपारी साहेबाने मास्तरांकडे भाकरी खाल्ली आणि विचारलं की ही एवढी पोरं आली कुठून. मास्तरांनी त्याला संध्याकाळपर्यंत थांबा म्हटलं. थांबण्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हतं. दिवस कलला, टेकडीवरून धूळ उठली, आणि साऱ्या गावची ढोरं एका बाईबरोबर उतरताना त्याने पाहिली. त्याचे बैल सगळ्यांत पुढे होते.

त्याने कुलूप चपराशाच्या पिशवीत परत टाकलं. जाताना मास्तरांना म्हणाला की पैसे नाहीत हे खरंच आहे, तुमचा पगारही उशिरा येईल, पण भरलेली शाळा बंद केली असं मी कोणत्या तोंडाने लिहू. बैल तोपर्यंत जागचे हलले नाहीत आणि हे शब्द ऐकल्यावरच जुंपून घ्यायला उभे राहिले, असं सांगतात. हे मात्र मी मानत नाही. बैल ते बैल.

शाळा राहिली. काही वर्षं भुरामायने साऱ्या गावची ढोरं राखली. मग एका संध्याकाळी ढोरं एकटीच आली. एकेक आपल्या दारात गेलं, पण मागे भुरामाय नव्हती. एक म्हातारी गाय तेवढी आली नव्हती. लोक शोधायला गेले, तर मोहाच्या झाडाखाली ती गाय उभी, आणि भुरामाय बुंध्याला टेकून बसलेली, काठी मांडीवर. काही म्हणतात तिला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, काही म्हणतात बाई थकली होती. मलाही वाटतं ती थकली होती. फार थकली होती.

माणसं माघारी येतात, रडतात, पण ढोरांना रोज चरायचं असतं. मूठमाती दिल्यावर दुसऱ्या सकाळी ती आखरावर येऊन उभी राहिली. सारं गावही होतं. पोरं शाळेच्या दारात घुटमळत होती. सगळ्यांना ठाऊक होतं की भुरामायच्या मनात काय होतं, आणि सगळ्यांना आपापल्या शेतात जायची घाई होती. कोणी कोणाकडे बघेना. तेवढ्यात कौतिका घरातून काठी घेऊन आली. ती तेव्हा शेवटच्या वर्गात होती. तिला रडू आवरत नव्हतं, पण ढोरं उभी होती, आणि तिच्या आईने ढोरं कधी उभी ठेवली नव्हती. हरडे मास्तरांनी शाळेची घंटी दिली. पोरगी आखरावरच उभी राहिली.

डोमाजी पाटील पुढे आला. जन्मात तो कधी ढोरांमागे गेला नव्हता. त्याने हात पुढे केला.

"ठिव वो माय ते काठी. घंटी झाली ना शाळेची."

तिने ती ठेवली नाही, त्याच्या हातात दिली. पाटील ढोरं घेऊन गेला. त्याला काय येतंय ढोरं राखायला! शेळ्या त्याच्याच कपाशीत शिरल्या आणि म्हशी अंधार पडेपर्यंत डोहातून निघेनात. तो चिखलाने माखून परत आला, पण कोणावर रागावला नाही. दुसऱ्या दिवशी काठी शेजारच्या घराने घेतली, तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्याने. तशी ही बारी, म्हणजे घरोघरची पाळी, सुरू झाली.

कौतिका पुढे याच शाळेत मास्तरीण झाली, असं काही सांगतात. काही म्हणतात, नागपूरला दवाखान्यात नर्स झाली. मला पक्कं माहीत नाही. काठी मात्र तिच्या हातात परत गेली नाही, यावर गावात दुमत नाही.

ती काठी तुम्ही रोज बघता. शाळेच्या दाराजवळ खुंटीला असते. जुनी झिजली की नवी करतात आणि नवीलाही भुरामायचीच म्हणतात. ज्या घराची बारी, त्या घरातल्या मोठ्या माणसाने सकाळी शाळेत येऊन ती काढायची, खिडकीतून आत बघायचं आणि मग ढोरं न्यायची. ज्याचं पोट्टं आत नाही, त्याचं ढोर आखरावर. ज्याच्या घरी ढोर नाही, त्यालाही बारी चुकत नाही. आता ढोरं थोडी राहिली, ट्रॅक्टर आले, काही दिवस नुसत्या शेळ्या असतात. तरी बारी आहे.

गेल्या साली पुन्हा वरून कागद आला. पैसे नाहीत, पोरं कमी, टेंभुरधऱ्याची शाळा मोठ्या गावात मिसळा. साहेब आले जीपमधून. जीपला हाळी ऐकू येत नाही, ही मोठीच पंचाईत. पण दारातच त्यांना काठी घेऊन निघालेली बाई भेटली. साहेबांनी विचारलं, सरपंच कुठे आहेत? ती म्हणाली, मीच सरपंच, आज बारी माझी आहे, तुम्ही तोवर शाळा बघा, संध्याकाळी आले की बोलू. साहेब थांबले म्हणे संध्याकाळपर्यंत. पुढे काय ठरलं ते अजून कळलं नाही. कुलूप आलेलं नाही, एवढं खरं.

चला, उठा आता. उद्या बारी आमच्या घरची आहे. माझे गुडघे दुखोत नाहीतर काही होवो, खुंटीवरची काठी मीच काढणार. तुम्ही कोणी तिला हात लावायचा नाही. घंटी झाली की आत जाऊन बसायचं. मी खिडकीतून बघणार आहे.