हमी फ्रेमची

सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान चालवणारे तारळेकर गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवल्याशिवाय माल देत नसत. एकदा मंदाकिनी खोपकर त्यांच्याकडे आल्या. वर्षापूर्वी त्यांचा मुलगा गेला होता. त्याचे व्हिडिओ, त्याची गाणी एका जुन्या लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप आता मधूनच बंद पडायचा. ते सगळं जपायला त्यांना घरी छोटा सर्व्हर करायचा होता.

“डिस्क दोन द्या. दोन्हींवर तेच ठेवीन.”

तारळेकर हसले. “काकू, एक पुरे. त्या पैशात भारी प्रोसेसर घ्या, दिव्यांची कॅबिनेट घ्या. डिस्कला पाच वर्षांची हमी आहे. बिघडली तर नवी कोरी देतो.”

“आणि आतलं?”

“ते हमीत येत नाही.”

काउंटरमागे चंदनाचा हार घातलेला फोटो होता. वडिलांचा एवढा एकच फोटो उरलाय, असं तारळेकर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. काकूंनी तिकडे बोट केलं.

“तो मला द्या. खराब झाला तर नवी कोरी फ्रेम देईन, हारासकट. पाच वर्षांची हमी.”

तारळेकरांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं. मग दुसरी डिस्क काढून काउंटरवर ठेवली.