दुसरं तोंड नसलेले बोगदे

फार जुन्या काळी, रोमच्या राज्याच्या पश्चिम टोकाला, तांबड्या मातीच्या एका डोंगरात एक सशीण राहत असे. दक्षिणेच्या उतारावर तिचं बीळ होतं आणि बिळात चार पिल्लं. सशांची एक रीत होती : बिळाला दुसरं तोंड हवंच. एकीकडून संकट आत शिरलं, तर दुसरीकडून निसटता आलं पाहिजे.

एके दिवशी रोमहून एक लांडगा आला. डोंगराच्या मातीत सोन्याचे कण होते, ते त्याला हवे होते. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, खणावं तर तुम्ही. डोंगरात खोल बोगदे काढून द्या, तुमच्या उताराला मी हात लावणार नाही. फक्त एक करा, बोगद्यांना दुसरं तोंड ठेवू नका."

घर वाचेल म्हणून सशीण कामाला लागली. तिचा म्हातारा काका म्हणाला, "पोरी, बाहेर पडायची वाटच नाही, असलं बीळ कुणासाठी गं?"

"काका, आपल्याला थोडंच राहायचंय त्यात?"

"मग एवढे लांब कान काय शोभेला दिलेत? तो काय नको म्हणतोय, ते तरी ऐक."

तिने ऐकलं नाही. तिकडे लांडग्याने पाणमांजराकडून लांबलांबच्या ओढ्यांचं पाणी पाटाने आणवलं आणि माथ्यावरच्या तळ्यात साठवलं. बोगदे पुरे होताच तळ्याचा बांधही पाणमांजराकडूनच फोडवला. पाणी आत घुसलं, आतल्या हवेला बाहेर पडायला जागा नव्हती. डोंगर आतून फुटला. ओकची झाडं, गवत, पायवाटा आणि दक्षिणेचा अख्खा उतार चिखल होऊन वाहून गेला. सशिणीच्या घराचं दुसरं तोंड पलीकडच्या खडकात होतं, म्हणून काकाने पिल्लांना तिथून ओढून काढलं. खाली गाळाने नदी अडली आणि दरीचं तळं झालं. वर नुसते तांबडे सुळके उरले. एवढ्या सगळ्यातून लांडग्याला मिळालं मूठभर सोनं.

सशीण त्याच्यापुढे उभी राहिली. "माझ्या उताराला हात लावणार नव्हतास."

"कुठे लावला?" लांडगा पंजे चाटत म्हणाला. "बोगदे तुम्ही खणले, पाणी पाणमांजराने आणलं. बघा, माझ्या पंजांना आहे का माती?"

खरंच नव्हती. माती सशिणीच्या पंजांना होती. तिची मान खाली गेली, पण क्षणभरच.

"आता कुठे?" तिने विचारलं.

"पलीकडच्या डोंगरावर. तिथलेही ससे फार कामसू आहेत म्हणे."

सशीण त्याच्या आधी तिथे पोचली. पंजे तिने धुतले नव्हते. ते सगळ्यांपुढे धरून तिने घडलेलं सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली. लांडगा आला, गोड बोलला. एका सशाने विचारलं, "दुसरं तोंड कुठे ठेवायचं, ते आधी सांगा." लांडगा आल्या वाटेने परत फिरला. त्या डोंगरावर एकाही सशाने ढेकूळसुद्धा उकरलं नाही.

तात्पर्य : डोंगर फोडणारा स्वतःचे हात कधी मळवत नाही, तो तुमचे-आमचे वापरतो, म्हणून ज्या कामात बाहेर पडायची वाट ठेवू देत नाहीत, त्या कामाला हात लावू नये.