नवऱ्याचा प्याला

पूर्वी, पर्वत जेव्हा माणसांचे गाऱ्हाणे ऐकत असत, त्या काळी कॉकेशसच्या हिमाच्छादित उतारावर जॉर्जियनांचे एक चिमुकले राज्य होते. राजाचे नाव तोर्निके. दक्षिणेच्या सुलतानाने त्याची सपाट भूमी आधीच गिळली होती. आता पूर्वेचा खान असंख्य अश्वांसह खिंडीपाशी आला आणि त्याने राजाचा एकुलता एक पुत्र बेका ओलीस मागितला.

राजा खिंडीतल्या शियो मुनींना शरण गेला.

"मुनिवर, राज्य घ्या, पण खानाला माझा मुलगा नेऊ देऊ नका!"

मुनी म्हणाले, "राजा, बेका जन्मला तेव्हा तू द्राक्षासवाचा रांजण अंगणात पुरलास. तो मी अभिमंत्रित केला आहे. शत्रू खिंडीत शिरला की पर्वत कोसळेल. ज्याच्या ओठी ते आसव लागेल, तो या खिंडीचा. ज्याच्या लागणार नाही, तो तिच्या शिळांचा."

असा रांजण पुत्राच्या विवाहातच उघडावा, ही तिथली रीत. म्हणून राजाने तातडीने नातेला नावाच्या कन्येशी बेकाचे लग्न लावले. सारे सैन्य प्याले. आधी पाहुणे, शेवटी नवरा, हीही रीतच. रांजण तळाला गेला आणि उरला तो एक प्याला बेकाच्या हाती आला. तेवढ्यात राजाचे उत्तर नेण्यासाठी थांबलेला खानाचा दूत दारातून हसला.

"काय महाराज, लग्नघरातून पाहुणा कोरडाच धाडता? तुमच्या आतिथ्याची कीर्ती फार ऐकली होती!"

"बेका, थांब!" राजा ओरडला.

"तात, आज याला नाकारले, तर आपण वाचवतो आहोत ते काय?" असे म्हणून बेकाने प्याला दूतापुढे धरला. दूत तो थेंबही न ठेवता प्याला.

राजाने सैन्य खिंडीत उभे केले आणि पुत्राला घरी राहण्याची आज्ञा केली. पण खान सावध होता. "राजपुत्र दिसल्याखेरीज घोडा पुढे घालणार नाही," असे त्याने खिंडीच्या तोंडाशी थांबून कळवले. मग बेका आपण होऊन, अंगावरच्या लग्नाच्या वस्त्रांनिशी, सर्वांच्या पुढे जाऊन उभा राहिला. त्याला पाहून खानाचे सैन्य आत घुसले आणि पर्वत कोसळला.

राज्य वाचले. प्यालेले सारे वाचले. दूतही शिळांमधून वाट काढत, अंगावर ओरखडा न उमटता घरी पोहोचला. त्याला पुढे मुलगे झाले.

तोर्निके मुनींपुढे येऊन म्हणाला, "हा वर होता?"

"वर खिंडीला होता, राजा. प्याला कोणाला द्यावा, हे मी सांगितले नव्हते."

"तर माझेही ऐका! यापुढे या खोऱ्यात रांजणाचा पहिला प्याला नवऱ्याचा. पाहुणे थांबतील. देव आले, तर तेही थांबतील!"

तेव्हापासून तिथे तशीच रीत आहे. नवरा पिईपर्यंत पाहुणे रिकामे प्याले घेऊन उभे असतात आणि त्याचा बाप त्याच्या ओठांवरून दृष्टी काढत नाही.