वाटेला घातलेला बांध

अकरा ऑक्टोबर. सकाळी डोंगरावर दाट धुके होते. दहाच्या सुमारास ते उठले आणि ऊन चटके देऊ लागले. पश्चिमेकडे ढग साचत होते. परतीचा पाऊस अजून सरला नव्हता.

अशा दिवशी एकदा एक वृद्ध सायकलस्वार आपल्या शिष्याला घेऊन सह्याद्रीतल्या एका लहानशा वाडीत आला. सारे त्यांना अण्णा म्हणत. डोंगरातल्या सायकलवाटा स्वतः सायकल चालवून तपासायच्या आणि त्या खुल्या कराव्यात की बंद, याचा शेरा द्यायचा, हे त्यांचे अनेक वर्षांचे काम. या खेपेला शेरा शिष्याने द्यायचा, असे अण्णांनी ठरवले होते.

वाडीतली माणसे भातशेती करणारी. पठारापासून ओढ्यापर्यंतची ही वाट त्यांनी उन्हाळाभर स्वतःच्या हातांनी खोदली होती. वनखात्याने परवानगी दिली होती ती एका अटीवर: वाट पावसात टिकली पाहिजे. शेरा ‘बंद’ असा पडला, तर वाटेच्या तोंडाशी तारेचे कुंपण पडणार होते. खोदकामाचा म्होरक्या भिवा लांघी. वाट सुरू झाली, तर तो येणाऱ्या सायकलस्वारांचा वाटाड्या होणार होता. नाही झाली, तर दिवाळीनंतर दरवर्षीसारखे परमुलखात खडीच्या खाणीवर जायचे. त्याची आई पारूबाई सकाळपासून ओढ्याच्या काठी येऊन बसली होती.

शिष्य पुढे, अण्णा मागे, असे दोघे निघाले. वरचा टप्पा खडकाळ होता, पण चोख. मातीचा उतार लागला आणि वाटेचे रूप पालटले. प्रत्येक वळणात चिखलाचे डबके, आणि दोन वळणांच्या मध्ये पाण्याने पाडलेला चर. एका वळणाच्या अलीकडे शिष्याचे पुढचे चाक अशा चरात अडकले आणि तो सायकलीसकट डबक्यात जाऊन बसला.

“लागलं का रे?” अण्णांनी विचारले.

“मला नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाला लागेल.” शिष्य चिखल निपटत उठला. “अण्णा, कामात हयगय झाली आहे. ही वाट बंदच करावी लागेल.”

भिवा त्यांच्या मागोमाग धावत उतरला होता. त्याने ते ऐकले.

“हयगय?” तो म्हणाला. “साहेब, ह्या वळणाला आम्ही बांध घातलाय, चोपलाय, लिंपलाय. माझ्या बापानं भाताच्या खाचराला इतका नीट बांध घातला नसंल!”

“बांध उत्तम आहे,” अण्णा म्हणाले. “कुदळ आहे का जवळ?”

डबके बुजवायचे असेल, असे समजून भिवाने कुदळ दिली. अण्णा वळणाच्या बाहेरच्या कडेला गेले. तिथला बांध साऱ्या वाटेत सर्वांत देखणा होता, भिंतीसारखा गुळगुळीत. त्यांनी त्याच्यावरच घाव घातला.

कुदळीचा आवाज ऐकून पारूबाई धापा टाकत वर आली. “ओ म्हातारबा! हात आवरा! आमच्यात नुसता बांध कोरला, तर सख्खा भाऊ भावाच्या मयताला जात नाय. तुम्ही तर आख्खा फोडायला लागलाय!”

“म्हणून तर मी भावाला बरोबर आणलं नाही, बाई,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी दुसरा घाव घातला.

बांधाला खिंडार पडले. डबक्यातले पाणी क्षणभर थबकले, मग त्या खिंडारातून बाहेर पडून उतारावरच्या गवतात नाहीसे झाले. पाहता पाहता वळणाचा तळ उघडा पडला.

शिष्य गोंधळून म्हणाला, “अण्णा, या सगळ्या वाटेत एवढी एकच गोष्ट नीट बांधलेली होती. तीच तुम्ही मोडलीत?”

अण्णा कुदळीवर रेलले. “तू हयगय म्हणालास. हयगयीने घातलेला बांध एका सरीत वाहून जातो; हा अख्खा पावसाळा उभा राहिला. या माणसांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या एकच शिकवण मिळाली आहे, की जमिनीवर आलेले पाणी जाऊ द्यायचे नाही. भाताला ते पाणी जगवते, वाटेला तेच मारते; वळणात तुंबते आणि भरून वाहिले की वाटेवरूनच धावून चर पाडते. हातांनी आपले काम चोख केले. शेत बदलले आहे, एवढेच त्यांना कुणी सांगितले नव्हते. बाळा, दोष दिसला की आधी पाहावे, हा आळस आहे की दुसऱ्या ठिकाणचा गुण इथे आला आहे. आळस असेल, तर वाट बंद करावी. गुण असेल, तर त्याला फक्त तोंड ठेवावे.”

“तोंड म्हंजे खाचराला ठेवतो तसं?” भिवाने विचारले. “पाणी सोडायला?”

“तसंच. ते तुम्ही भात पिकत आला की उघडता. इथलं बारा महिने उघडं ठेवायचं.”

भिवाने कपाळावर हात मारला. “आयला! म्हंजे आम्ही सायकलींची लावणी करून बसलो की!”

“एक रुजतच घातला होता मघाशी,” चिखलाने माखलेल्या शिष्याकडे पाहत पारूबाई म्हणाली. पहिला हसला तो शिष्यच.

भिवाने वाडीतल्या गड्यांना हाक मारली. दुपारपर्यंत प्रत्येक वळणाच्या बांधाला तोंड पडले, आणि चर दगडमातीने बुजवून चोपले गेले. चोपण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. तेवढ्यात पाऊस आला. सगळे जवळच्या गोठ्यात शिरले. बाहेर सरींवर सरी कोसळत होत्या.

“आता काय लिवणार?” अखेर पारूबाईने शिष्याला विचारले.

“मावशी, आधी चालवून पाहतो.”

पाऊस उघडल्यावर शिष्य एकटाच सायकल घेऊन वर गेला. बाकीचे ओढ्याशी थांबले. बऱ्याच वेळाने वरून ओल्या मातीवर चाकांची सरसर ऐकू आली. ती एका लयीत खाली येत होती. कुठे अडली नाही, कुठे घसरली नाही. शेवटच्या वळणातून शिष्य बाहेर पडला आणि ब्रेक दाबून त्यांच्यासमोर उभा राहिला.

“एकाही वळणात पाणी नाही,” तो म्हणाला.

“आता जेवल्याबिगर जायचं नाय,” पारूबाई म्हणाली, आणि पदराने तोंड पुसू लागली.

शिष्याने शेरा लिहिला: वाट खुली करावी, पावसाळ्याआधी पुन्हा तपासावी. अण्णांनी त्याखाली सही केली. वनखात्याने तो शेरा मान्य केला, आणि सोळा ऑक्टोबरला वाट सुरू झाली.