सुतारपक्ष्याची रिकामी भोकं

रानाला अजून वाटा फुटल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका सुतारपक्ष्याने वठलेल्या सागाला भोकंच भोकं पाडली होती. पिळाच्या शेंगा ओढ्याकडच्या भोकांत, गोल बिया उगवतीकडच्या भोकांत. शेजारच्या घुशीला हसू आवरेना.

"सुतारभाऊ, निम्मी भोकं तर रिकामीच! माझं बघा, एवढ्याशा बिळात सगळं ठासून भरलंय."

एकदा तिच्या पिल्लाच्या पोटात कळ आली. त्याला पिळाची मुरुडशेंग द्यायला हवी होती. घुशीने अख्खा ढीग उपसला. चिंचोके निघाले, हिरडे निघाले, शेंग काही सापडेना. पिल्लू कळवळू लागलं, तशी ती धावत सागाखाली आली आणि तिने शेंग मागितली.

सुतारपक्षी थेट ओढ्याकडच्या एका भोकाशी गेला आणि शेंग घेऊन उतरला.

घूस बघतच राहिली. "एवढं सगळं लक्षात राहतं तरी कसं हो?"

"लक्षात कशाला ठेवू? शेंगेचा पीळच तिचं घर सांगतो. एका घरात दाटी मात्र होऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा उपसाउपशी. म्हणून तर निम्मी भोकं रिकामी."

पिल्लू बरं झालं. घूस नवी बिळं खणायला लागली, एकाला लागून एक.

"आई, यात काय ठेवायचं?" पिल्लाने विचारलं.

"आत्ता काहीच नाही," ती ऐटीत म्हणाली.