ठकू शिंपिणीची गोधडी

फार जुनी गोष्ट. ज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही, अशा एका नगरात ठकू नावाची शिंपीण राहायची. तोंडाने भारी फटकळ, पण हात मायेचा. थंडी पडली की ती घरोघरी जाऊन जुनेर मागायची, त्याच्या गोधड्या शिवायची आणि वेशीपाशी उघड्यावर झोपणाऱ्या बेघरांना द्यायची.

नव्या कोतवालाच्या डोळ्यांत हे बेघर खुपायचे. त्याने दवंडी पिटवली, "बेघरांना पांघरूण देईल तो गुन्हेगार! कुडकुडले की जातील आपोआप."

"जातील हो, पण कुठे? वर?" म्हणत ठकूने सुईत दोरा ओवला. झालं! दुसऱ्याच दिवशी शिपायांनी तिला गोधडीसकट उचललं.

चावडीवर सारं नगर लोटलं. कोतवालाने पुरावा म्हणून ती गोधडी सगळ्यांसमोर उलगडून टांगली. न्यायाधीश म्हणाले, "बाई, सहा महिन्यांची कैद आहे. पण कापड कुणी कुणी दिलं ते सांगितलंस, तर आत्ता घरी जाशील."

ठकूच्या मनात आलं, आपण आत गेलो तर त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे कोण बघणार? पण म्हणून शेजारणींना बेड्या घालायच्या? छे!

"शिवली मी. शिक्षाही मलाच करा," ती म्हणाली.

तेवढ्यात गर्दीतून तेलीण उठली. "तो हिरवा तुकडा माझ्या लुगड्याचा. मलाही धरा."

"आणि ती किनार माझी!" सोनाराची सून म्हणाली. बघता बघता निम्मी चावडी उभी राहिली. आपल्या अंगावर विरलेलं कापड बायका ओळखणार नाहीत होय?

"गप्प बसा सगळ्या!" कोतवाल ओरडला. तशी त्याचीच बायको पदर खोचून पुढे आली. "अहो, मधला तांबडा तुकडा तुमच्या मुंडाशाचा. मीच दिला. घाला बेड्या!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! न्यायाधीशांनाही हसू आवरेना. "काय कोतवाल, एवढ्या बेड्या आहेत का तुमच्याकडे?"

न्यायाधीशांनी तिथल्या तिथे हुकूम रद्द केला आणि ठकूला सोडलं. बायकांनी तिला वाजतगाजत वेशीपर्यंत नेलं. तिथे तिने ती गोधडी एका थरथरत्या म्हाताऱ्याच्या अंगावर घातली. आनंदाने तिच्या डोळ्यांना धार लागली होती, तोंड मात्र चालूच होतं, "बघत काय बसलात गं? उद्यापासून प्रत्येकीने आपापली सुई घेऊन यायचं!"

तात्पर्य काय, तर दुसऱ्याला ऊब देणं हाच गुन्हा ठरला, तर तो सगळ्यांनी मिळून, उघड उघड करावा.