डाग पडलेल्या छब्या

त्या राज्यात काहीच विसरलं जात नसे, आणि काहीच सापडतही नसे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी अभ्रक दुर्मीळ होतं. एखादा पापुद्रा हाती लागला की अख्खं घर न्हाऊनमाखून रांगेत उभं राही, कोणीतरी तो पापुद्रा उन्हात वर धरी, सगळे श्वास रोखत आणि समोरची मंडळी जशीच्या तशी त्यावर उमटत. तिला छबी म्हणत. घरात अशा दोनचार छब्या असत आणि कुठली कुठे आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असे. मग एका पावसाळ्यात डोंगराची कड खचली आणि अभ्रकाच्या राशीच्या राशी उघड्या पडल्या. झालं! जेवणाआधी छबी, जेवणानंतर छबी, शिंकताना छबी, शिंक नीट आली नाही म्हणून पुन्हा छबी. प्रत्येक घराची ढोली गळ्यापर्यंत भरली.

झिपरी खारीच्या घरी हे वेड नानांना होतं. नाना म्हणजे तिचे वडील; डावा कान जन्मापासून वाकडा, स्वभाव सरळ. पाठीवर ऊन घ्यायचं आणि दोन्ही हात वर करून पापुद्रा धरायचा, म्हणजे समोरच्याचा चेहरा उजळ येतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. पण नानांइतका वेळ हात वर ठेवायचा दम कोणात नव्हता. त्यातही त्यांना ऊन लागे ते कोवळं, नाहीतर उतरतं. झिपरीची आई, माई, आतून ओरडे, "अहो, पुरे की आता! पोरांना दोन घास खाऊ द्याल की नाही?"

"हा एकच," नाना म्हणत. तो एकच कधी एक नसायचा. आणि काढून झालेली छबी ते हाताला लागेल त्या कप्प्यात कोंबून मोकळे होत.

गेल्या थंडीत नाना गेले.

त्या राज्यात एक रीत होती. कोणी गेलं की मोहाची फुलं गळून संपायच्या आत त्याची छबी पाणवठ्यावरच्या मोठ्या वडाला टांगायची. पाण्याला येणारा-जाणारा तिच्याखाली घटकाभर थांबे, नाव घेई आणि पुढे जाई. ज्याची छबी टांगली गेली नाही, त्याचं नाव हळूहळू बंद होई. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. समोर काही नसलं की नाव ओठावर येत नाही, एवढंच.

"छबीचं माझ्याकडे लागलं," झिपरीने माईला सांगितलं. "हजारांनी पडल्यात. चुटकीसरशी काढून देते."

हे ती बोलली तेव्हा तिने ढोली उघडलेली नव्हती.

उघडली, तर आतून छब्यांचा एक ढीग तिच्या अंगावर आला. कप्प्यांवर नानांनी नावं घातली होती. एका कप्प्याचं नाव 'नवीन'. दुसऱ्याचं 'नवीन, दुसरा'. तिसऱ्याचं 'नीट लावायचं आहे', आणि त्याच्या आत आणखी एक 'नीट लावायचं आहे'. झिपरीने कपाळावर हात मारला. तीच छबी पाच-पाच वेळा काढलेली होती, आणि पाचांतल्या कुठल्या छबीत माईचे डोळे उघडे आहेत हे पाहायला पाचही उन्हात धराव्या लागत. ढोलीही जुनी. एक पापुद्रा ओढला की ती बराच वेळ कुरकुरत राही, मग गप्प होई, आणि झिपरीने दोन थपडा मारल्यावर कुठे तो पापुद्रा सुटून हाती येई.

त्यातून नाना दिसेनात. माई होती, दादा होता, आत्या होती, फणस होते, नुसतं आभाळ होतं. नाना नव्हते.

'पसाऱ्यात कसे सापडतील?' झिपरीने मनाशी म्हटलं. 'आधी सगळं शिस्तीत लावू. मग नाना आपोआप वर येतील.'

तिने रंगीत दोरे आणले. घरच्यांना लाल दोरा, पाहुण्यांना हिरवा, झाडाफुलांना पिवळा. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी आत्याची छबी हाती आली. आत्या घरची की पाहुणी? लाल बांधावा तर ती सासरी असते, हिरवा बांधावा तर तिला कळल्यावर ती आयुष्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. या विचारात दुपार गेली आणि शेवटी झिपरीने दोन्ही दोरे बांधले. मग फणस हातात धरलेली आत्या निघाली. झिपरीने दोऱ्यांची पेटी उचलून भिंतीवर फेकली.

मोहाखाली सकाळी फुलांचा सडा पडू लागला होता.

तेव्हा कोणीतरी तिला ओळखराव पोपटाचं नाव सुचवलं. हे गृहस्थ चेहरे ओळखण्यात वाकबगार, एकदा दाखवलेला चेहरा कधी विसरत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. ती ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण हे झिपरीला नंतर समजलं.

"हा कोण?" ओळखरावांनी विचारलं.

"बोंड्यादादा. माझा भाऊ."

"आणि हा?"

"तोही बोंड्यादादाच. लहानपणचा."

"हा आणि तो एकच की निराळे?"

"एकच हो!"

"बरं," म्हणून ओळखरावांनी तीन माकडं, एक दगड आणि आत्याच्या नवऱ्याला बोंड्यादादा करून टाकलं. भोपळ्याच्या एका छबीला त्यांनी लाल दोरा बांधून 'माई' म्हटलं. माई शेजारीच बसली होती. त्यानंतर तिने ओळखरावांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि एक ताप तर रोजचाच. छबीतले सगळे चेहरे सांगून झाले की ओळखराव चोच खालच्या कडेवर टेकवत.

"आणि हा कोण?"

"तिथे कोण आहे? डाग आहे तो."

"डाग," ओळखरावांनी ते नाव पाठ केलं. पुढच्या छबीत पुन्हा चोच खाली. "हा तोच का?"

"हो, तोच!"

"आणि हा?"

"अहो, डागच तो! किती वेळा विचारणार?" झिपरी किंचाळली. "असल्या सगळ्या छब्या एकीकडे काढा बघू. कटकट तरी मिटेल."

डाग पडलेली छबी घरात ठेवणं त्या राज्यात फुटक्या ताटात पाहुण्याला वाढण्याइतकं वाईट समजत. ओळखरावांनी 'डाग' म्हणून काळा दोरा बांधून ढीग लावला. ढीग भलताच मोठा झाला. घरामागे टाकाऊ वस्तूंचा खड्डा होता. त्यात टाकलेलं लगेच नाहीसं होत नसे, वाळवी सवडीने खात असे. झिपरीने ढीग त्यात लोटला. ढोलीला मोकळा श्वास आला, कुरकूर थांबली. कितीतरी दिवसांनी झिपरीला हलकं वाटलं. तिने कप्पे पुसले, दोरे सारखे केले आणि ऐटीत ओळखरावांना म्हणाली, "हं! आता नाना काढा."

"कोण नाना?"

"माझे वडील."

"एक दाखवा," ओळखराव म्हणाले. "एक दाखवलेत की बाकीचे मी काढतो."

"अहो, एक छबी असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"एक दाखवल्याशिवाय कसं कळणार?" ओळखराव शांतपणे म्हणाले आणि चोचीने पंख साफ करू लागले.

झिपरीने लाल दोऱ्याचे सगळे कप्पे स्वतः उपसले. माई हसताना, माई रागावलेली, माई भोपळा निवडताना. बोंड्यादादा झाडावर, बोंड्यादादा झाडाखाली, पडलेला, रडत. ती स्वतः तर किती! दात पडलेली, दात आलेली, शेंग खाताना, रुसलेली. प्रत्येक छबीत सगळे एकाच दिशेला बघत होते, आणि ज्याच्याकडे बघत होते तो कुठेच नव्हता. तिने पलीकडच्या रानात भावाकडे निरोप धाडला. उत्तर आलं, 'माझ्याकडे कुठून असणार? तूच सगळं नीट लावलंस ना?' सोबत त्याने आपल्या पोरांच्या नव्या छब्यांची एक पाटी पाठवली होती. लावून ठेवायला.

पाणवठ्यावर मुंगूसकाकू भेटल्या. मोहाखालचा सडा विरळ होत चालला होता.

"झिपरे, नाना अजून टांगले नाहीत?"

"शोधतेय, काकू."

"शोधतेस? दिवसरात्र हात वर करून उभा असायचा तो माणूस, आणि घरात त्याचीच एक छबी नाही? बाई बाई बाई!"

झिपरी भांडं अर्धवट भरूनच परतली. वाटभर तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. काकूंचा राग, दादाचा राग, त्या पोपटाचा राग. आणि नानांचा. एकदा, एकदा तरी दुसऱ्या कोणाच्या हातात पापुद्रा दिला असता! पण कोणी मागितला होता? तिने तरी कधी म्हटलं होतं का, नाना, आता तुम्ही उभे राहा? तिला असं एकदाही म्हटल्याचं आठवेना.

अंगणात ऊन उतरलं होतं. ओळखराव भोपळ्याच्या छबीपुढे बसून विचारात पडले होते.

"माई आणि ही," ते म्हणाले, "एकच की निराळ्या?"

मग मात्र झिपरीचा तोल गेला. शेपूट फुलवून, दोन्ही हात वर करून ती त्यांच्या अंगावर ओरडली. "निराळ्या! निराळ्या! निराळ्या! तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही! माझे वडील नाहीसे होणार, आणि तुम्ही भोपळे मोजत बसलात!"

ओळखराव जागचे हलले नाहीत. त्यांनी मान वाकडी करून आपल्या पायांपुढच्या जमिनीकडे पाहिलं आणि चोच टेकवली.

"डाग," ते म्हणाले.

"काय?"

"हा तोच का?"

झिपरीने खाली पाहिलं. तिच्या पाठीमागून येणाऱ्या उन्हाने तिची सावली अंगणभर लांबवली होती. फुललेली शेपूट. दोन कान. वर धरलेले दोन हात.

ती खड्ड्याकडे धावली. धावता धावता दोनदा पडली. खड्ड्यात उतरून दोन्ही हातांनी उपसू लागली, तर हातात पापुद्रे यायचे ते जाळी झालेले. काळा दोरा शाबूत आणि दोऱ्याला काही नाही. ओळखराव काठावर येऊन बसले.

"तो डाग नव्हता," झिपरी खालून म्हणाली. "नाना होते."

ओळखरावांनी नवं नाव पाठ केलं. मग विचारलं, "मग ते बाकीचे सगळे?"

"सगळे नानाच."



अगदी तळाशी, ओल्या मातीत चिकटलेला एक पापुद्रा धड निघाला. छोटी झिपरी दगडावर बसली होती, गाल शेंगांनी फुगलेले, कपाळावर आठी. आणि खालच्या कडेपासून थेट तिच्या पायांपर्यंत ती लांबट काळी आकृती आली होती. झिपरीने ती माईपुढे धरली.  माईने एका बोटाने हळूच डागाच्या टोकाला स्पर्श केला. तिथे एक कान वाकडा होता.

"शेंगा खाऊ देत नव्हते तुला," माई म्हणाली. "मी कित्ती ओरडले होते त्या दिवशी." आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

दोघी तशाच पाणवठ्यावर गेल्या. मोहावर मोजकी फुलं उरली होती. झिपरीने काळा दोरा सोडला, लाल बांधला आणि छबी वडाच्या फांदीला टांगली. पाण्याला आलेली मंडळी जमली. माना वर झाल्या आणि कुजबूज सुरू झाली.

"हे काय ग?" मुंगूसकाकू पुढे झाल्या. "ही तर तुझीच छबी! जित्या पोरीची छबी टांगतात होय? काढ, काढ आधी ती. आणि खाली डाग केवढा पडलाय!"

झिपरीला कळेना. सांगावं तरी कसं आणि किती जणांना? माईने तिचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. "जरा ऊन उतरू दे."

ऊन उतरलं. वडाच्या पारंब्यांखालून आडवं येऊन ते त्या पापुद्र्यावर पडलं आणि आरपार गेलं. दगडावरची छोटी झिपरी, तिचे गाल, तिची आठी, सगळं त्या उजेडात फिकट होऊन विरून गेलं. उरलं तेवढं काळं जमिनीवर उतरलं. वाकडा कान, फुललेली शेपूट, वर धरलेले दोन हात. लांबत लांबत ते गर्दीपर्यंत आलं आणि सगळ्यांच्या पायांशी थांबलं.

मुंगूसकाकूंनी त्यावर पडलेला आपला पाय चटकन मागे घेतला.

"नाना," त्या म्हणाल्या.